चवथीआधीची साफसफाई: घरातल्याच वस्तूंनी काय काय निघतं?

पावसाळी_घर (डिचोली)

नमस्कार मंडळी, चवथ तीन आठवड्यांवर आली आणि आता पाऊस जरा उघडीप देतोय तर घर काढायला घ्यायचंय. आमचं जुनं चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं) घर आहे, मागे विहीर, बाजूला सेप्टिक टँक, आणि सासूबाईंना दमा आहे त्यामुळे बाजारातली उग्र वासाची लिक्विडं नि ॲसिड घरात आणायचंच नाही असं ठरवलंय, शिवाय घरात रांगतं बाळ आहे ते जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. म्हणून चिंच, लिंबू, मीठ, सोडा, व्हिनेगर, राख असल्या घरात असणाऱ्या वस्तूंनी किती काम होईल ते विचारतेय. त्रास सांगते: देवाची पितळी भांडी काळी पडलीत, लाकडी कपाटात पांढरी बुरशी आलीय आणि कपड्यांना कुबट वास, बाथरूममध्ये बोअरच्या पाण्याचे तांबडे डाग (टाइल्सवर आणि बादल्यांवर पण), किचनच्या चिमणीची जाळी तेलाने चिकट झालीय, आणि माशांचा वास सिंकमधून जातच नाही. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या प्रत्येक मेसेजमध्ये एकच उपाय असतो, सोडा टाका वर व्हिनेगर ओता, फेस आला की झालं. खरंच सगळ्याला तेच चालतं का? ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी सांगा प्लीज.

चुलीवरची_काकी (सत्तरी)

बाये, पितळेचं मी सांगते. सगळे चिंच चिंच करतात पण समईला आधी चिंच लावायचीच नाही. समईवर वर्षभराच्या तेलाचा थर आणि त्यावर काजळी बसलेली असते, तो थर आहे तोवर चिंचेचा आंबटपणा पितळेपर्यंत पोचतच नाही, नुसते हात दुखतात. आधी कढत पाणी आणि लाकडाची चाळलेली राख घे, सोडणाचा (नारळाच्या सालाचा) तुकडा ओला करून त्या राखेत बुडवून घास, तेल सगळं सुटतं. राख नसली तर भांड्यांचं लिक्विड घे. धुवून हाताला तेलकट लागत नाही असं झालं की मग चिंच. जुनी चिंच अर्धा तास भिजत घालायची, कोळ दाटच ठेवायचा, त्यात जाडं मीठ घालायचं, भांड्याला लावून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, मग चोळायचं. काळं आपोआप सुटायला लागतं, जोर लावावा लागत नाही.

आणि चिंच विकत आणायची गरज नाही, सोलकढी करून उरलेली सोलं (आमसुलं) टाकून देऊ नकोस, त्यांत मीठ असतंच, त्याच सोलांनी तांब्याचे तांबे-पंचपात्र्या घासायच्या. परसात बिंबल (हिरव्या, लांबट, आंबट फळांचं झाड) असेल तर त्याहून बरं, बिंबलं उभी चिरून चोळायची. आमच्याकडे पावसात झाडाखाली बिंबलांचा सडा पडलेला असतो.

आता महत्त्वाचं. घासून झालं की भांडं तसंच पालथं घालून ठेवायचं नाही. आंबट राहिलं तर दोन दिवसांत हिरवं कळंक चढतं, समईच्या मळसुत्राच्या आट्यांत आणि घंटेच्या खाचांत हमखास. जुना टूथब्रश घेऊन खाचा साबणाच्या पाण्याने धुवायच्या, सुक्या फडक्याने पुसायचं, ऊन असेल तर उन्हात, नसेल तर चुलीच्या उबेला. मग समईला बाहेरून खोबरेल तेलाचं बोट फिरवून कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं, दमट हवेत मग पंधरा दिवस तरी चकाकी टिकते. हे चवथीच्या आधी दोन-तीन दिवस कर, तीन आठवडे आधी केलंस तर परत करावं लागेल.

अजून एक, हल्ली बाजारात नवीन पितळी वस्तू मिळतात त्यांवर पारदर्शक पॉलिश मारलेलं असतं, त्यांना चिंच-राख काही लावू नको, ओल्या कापडाने पुसायच्या फक्त.

केमिस्ट्री_सर (फोंडा)

काकींनी क्रम अगदी बरोबर सांगितलाय, त्यामागचं कारण सांगतो म्हणजे बाकीच्या डागांनाही तेच लावता येईल. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कली, तेलाशी मिळून थोडा साबणच तयार होतो, म्हणून तेल सुटतं. चिंचेत टार्टारिक ॲसिड, ते तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा काळा थर विरघळवतं. तेलकट घाणीला सोडा, राख, साबण. धातूचा काळेपणा, गंज, क्षार यांना आंबट.

यावरून सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचं काय होतं ते कळेल. एक अल्कली, एक ॲसिड, दोन्ही एकमेकांना मारतात. फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, उरतं ते सोडियम ॲसिटेट आणि पाणी, म्हणजे दोन्ही वस्तूंचा साफ करण्याचा गुण गेला. सिंकमध्ये फेसाने वरवरचा चिकटा थोडा हलेल पण पाइपमध्ये गोठलेलं तेल त्याने निघत नाही. त्यापेक्षा सोडा आणि व्हिनेगर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामाला वापरा, एकाच बाटलीत मिसळून ठेवू नका, झाकण लावलंत तर गॅसने बाटली फुटते.

तुमच्या चिमणीच्या जाळीबद्दल थांबा जरा. तेल आहे म्हणून धुण्याचा सोडा कढत पाण्यात घालून बुडवा असं कोणी ना कोणी सांगेलच, आणि जाळी स्टीलची असेल तर ते उत्तम आहे, एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे, अर्धा तास, हातात ग्लव्ह्ज. पण बऱ्याच चिमण्यांची जाळी ॲल्युमिनियमची असते आणि ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा खातो, जाळी काळी पडते ती परत पांढरी होत नाही. ओळखायचं कसं तर हलकी, मऊ, वाकणारी, लोहचुंबक न चिकटणारी जाळी. चांगलं स्टीलसुद्धा कधीकधी चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे शंका असेल तर ॲल्युमिनियमच समजा आणि कढत पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि मऊ ब्रश एवढंच वापरा. पाणी गार झालं की बदला, थंड पाण्यात तेल परत जाळीला चिकटतं. खायचा सोडा सौम्य असतो, ओट्यावरचे आणि गॅसच्या शेगडीखालचे चिकट डाग त्याच्या पेस्टने छान निघतात, दहा मिनिटं लावून ठेवायची.

आणि एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवा, पावसामुळे आपण बाथरूमची खिडकी बंद ठेवतो म्हणून मुद्दाम लिहितोय. ब्लीच असलेलं काहीही (कपड्यांचं ब्लीच, ब्लीचिंग पावडर) लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेटच्या ॲसिडबरोबर कधी मिसळायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो. दमा असलेल्या माणसाला तो थोडासुद्धा घातक. घरगुती वस्तू म्हणजे सगळ्या निरुपद्रवी असं नसतं. ब्लीच तुमच्याकडे नको याला आणखी एक कारण, सेप्टिक टँकमधले घाण कुजवणारे जीवाणू त्याने मरतात.

पावसाळी_घर

खूप खूप धन्यवाद काकी, सर. राख मागच्या चुलीत भरपूर आहे. सर, म्हणजे बाथरूमच्या तांबड्या डागांना लिंबू लावायचं ना? पण आमच्या बाथरूममध्ये भिंतीला टाइल्स आणि खाली जुनी मोझाइक आहे, तिकडे चालेल का? हॉलमध्ये तर लाल कोब्याची जमीन आहे, सासूबाई तिला जपतात.

केमिस्ट्री_सर (फोंडा)

बरं झालं विचारलंत. मोझाइकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात, संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की तो भाग खाल्ला जातो, चकाकी जाते. लाल कोबा सिमेंटचा, त्यालाही आंबट नको. म्हणजे भिंतीच्या चकचकीत टाइल्स, कमोड, प्लॅस्टिकच्या बादल्या इथे लिंबू खुशाल वापरा, मोझाइकवर एक थेंब नको, टाइल्सला लावताना खाली ओलं फडकं अंथरा आणि भरपूर पाण्याने धुवा. लिंबं किती पिळणार, किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा, टिश्यू किंवा जुनं सुती कापड त्यात भिजवून डागावर चिकटवून ठेवायचं, अर्ध्या तासाने घासायचं. भिंतीवर पाणी नुसतं शिंपडलं तर ओघळून जातं, कापडाने ते डागावर टिकतं. नळाच्या भोवतीच्या क्रोमला मात्र पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका.

हे डाग आपल्याकडे एवढे का, तर जमिनीत लोह आहे, चिराच लोहामुळे तांबडा असतो, बोअरच्या पाण्यात ते विरघळलेलं असतं, वर येऊन हवा लागली की गंजासारखं बसतं. म्हणून लोहाच्या डागांवर ब्लीच घातलं तर डाग जास्तच पक्का होतो, पांढऱ्या कपड्यांना तर खास. बोअरचं पाणी रात्रभर मोठ्या पिंपात उघडं ठेवलं, मध्ये एकदोनदा ढवळलं की बराच तांबडा गाळ खाली बसतो, वरचं पाणी सुती फडक्यातून गाळून कपडे धुवायला घ्या.

चुलीवरची_काकी (सत्तरी)

बादल्यांचे तांबडे डाग आणि पांढऱ्या कपड्यांवरचे गंजाचे डाग बिंबलाने जातात बाये, रस लावायचा, उन्हात ठेवायचा, मग धुवायचं. सर सांगतीलच का ते.

लाल कोब्याला साधं पाणी नि कोरडं फडकं. आमची आई खोबरेल तेल लावून नारळाच्या काथ्याने घासायची, आरशागत दिसायची जमीन, पण घरात म्हातारं माणूस आणि रांगतं बाळ असताना तेल लावू नको, घसरतं.

केमिस्ट्री_सर (फोंडा)

बिंबलात ऑक्झॅलिक ॲसिड बरंच असतं काकी, गंजावर ते लिंबापेक्षा जोरात चालतं. त्यामुळेच बाळाच्या हाती लागू नये आणि कपडा नंतर खळखळून धुवावा.

म्हापशेकार

बुरशीचं कोणी बोललं नाही अजून, माझ्या मते हा सगळ्यात मोठा विषय आहे कारण बाकी डाग एकदा निघाले की निघाले, बुरशी परत येते. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, जुलैत तर हवेतला दमटपणा 85-90 टक्के असतो. बुरशीला एवढी ओल भरपूर झाली. त्यामुळे कपाट कितीही घासा, ओल तशीच राहिली तर पंधरा दिवसांत परत पांढरं.

घासायचं असं. कपाट रिकामं करून कपडे सगळे बाहेर. नाकाला मास्क बांधा, सासूबाईंना आणि बाळाला त्या खोलीत येऊ देऊ नका, कारण कोरड्या फडक्याने पुसलं की बुरशीचे कण हवेत उडतात, दम्याला हेच लागतं. म्हणून झाडू किंवा कोरडं कापड नाही, किंचित ओलं कापड. पांढरं व्हिनेगर (पारदर्शक, 4-5 टक्क्यांचं, आपली माडाची व्हिनेगर जेवणात वापरा, तिचा रंग लाकडाला लागतो) कापडावर घेऊन पुसा, लाकडावर ओतू नका. पॉलिश केलेलं लाकूड असेल तर आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघा. मग दारं सताड उघडी, पंखा कपाटाकडे करून पूर्ण दिवस. पूर्ण वाळल्याशिवाय एकही कपडा आत ठेवू नका. व्हिनेगरचा वाससुद्धा दम्याच्या माणसाला खुपू शकतो, म्हणून सासूबाईंना त्या दिवशी बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसवा.

नंतरचं जास्त महत्त्वाचं. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. चिरा सच्छिद्र असतो, बाहेरच्या भिंतीतून ओल आत झिरपते, कपाटाच्या मागे हवा खेळत नाही आणि मागची फळी आधी बुरसते. भिंतीला चुन्याचा गिलावा असेल तर ती ओल बाहेर टाकते, वर प्लॅस्टिक पेंट मारला तर ओल आतच कोंडते आणि पोपडे सुटतात. दिवाळीनंतर घराला रंग द्यायचा असेल तर याचा विचार करा.

ओल शोषायला आमच्याकडे जाडं मीठ ठेवतो. आपल्या आगरातलं तांबूस, ओलसर मीठ असतं ना, आगरवाड्याकडचं वगैरे, ते. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आगरातल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते त्याच्याही आधी ओढायला लागतात. प्लॅस्टिकच्या डब्याला झाकणात भोकं पाडायची, आत मीठ, कपाटाच्या तळाला ठेवायचं. पाऊस जोरात असेल तर आठवड्यात तळाला पाणी साचतं, ते ओतून द्यायचं, मीठ कढईत कोरडं परतून परत वापरायचं. स्टीलची वाटी घेऊ नका, आणि बिजागऱ्या, लोखंडी खिळे, दागिने यांच्यापासून लांब ठेवा, मिठाच्या पाण्याने गंज येतो. तांदूळ ठेवा म्हणतात लोक, तो काहीतरी शोषतो पण फारच थोडं.

सत्तरीची_वाट

कळीचा चुना पण ठेवतात ना कपाटात? आमच्या मामाच्या घरी ठेवायचे.

म्हापशेकार

ठेवतात आणि तो ओल ओढतो हे खरं. पण कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो तापतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. रांगतं बाळ असलेल्या घरात मी कधीच सांगणार नाही. पानाला लावायचा चुना आधीच भिजवलेला असतो, तो ओल शोषायच्या काही कामाचा नाही.

पावसाळी_घर

नको नको, चुना नकोच. मीठ बेस्ट. डांबराच्या गोळ्यांचं काय? शालू-पैठण्यांत घालतोच आम्ही.

नर्सिंग_करणारी (मडगाव)

बाळाच्या कपड्यांत आणि अंथरुणात डांबराच्या गोळ्या अजिबात नको ताई. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची कमतरता असते, जी6पीडी म्हणतात, त्यांना नॅप्थलिनमुळे रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि बाळाला ही कमतरता आहे हे बऱ्याचदा घरच्यांना माहीत नसतं. बाळाच्या हाताला लागली तर ते गोळी चॉकलेट समजून तोंडात घालणार हे वेगळंच. रेशमी साड्या सुती पंच्यात गुंडाळून, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. महिन्याने पाला बदला. आणि साडी ठेवण्याआधी उलगडून पंख्याखाली घालून घड्या बदला, घडीवरच बुरशी आधी येते.

सोलकढी_लव्हर (काणकोण)

माशांच्या वासाचं मी सांगतो, आमच्याकडे रोज बाजार (म्हणजे मासे) असतो. हिवसाण वास येतो तो अमाइन म्हणतात त्या पदार्थांचा (सर असतील तर सांगतीलच), त्यावर आंबट मारलं की वास तिथेच थांबतो, म्हणून मासे धुवून झाल्यावर हाताला लिंबाची साल, सोलं किंवा थोडं व्हिनेगर. पण आधी थंड पाण्याने धुवायचं, गरम पाण्याने नाही, कारण गरम पाण्याने माशाचं रक्त आणि चिकटा शिजून पाटीला, सुरीला, सिंकला घट्ट बसतो. थंड पाणी, मग साबण, मग आंबट, मग शेवटी कढत पाणी. लाकडी पाट असेल तर जाडं मीठ टाकून लिंबाच्या सालीने घासायचा, धुवून उभा करून ठेवायचा म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते.

सिंकचा वास मात्र सिंकचा नसतो बहुतेक वेळा. खालच्या वाकड्या पाइपमध्ये माशांची खवलं अडकलेली असतात. खाली बादली ठेवून तो भाग हाताने फिरवून काढा, खवलं बाहेर काढून पाइप ब्रशने धुवा, परत बसवा, वास गेला समजा. वरून काहीही ओतलं तरी खवलं विरघळत नाहीत. पुढे मासे धुताना बारीक जाळी लावा आणि खवलांचं पाणी माडाच्या मुळात ओता.

फ्रिजला वाटीत खायचा सोडा, महिनाभर.

केमिस्ट्री_सर (फोंडा)

अमाइन अल्कलीसारखे वागतात, आंबटाने त्यांचं क्षारात रूपांतर होतं आणि ते हवेत उडायचे थांबतात. बरोबर सांगितलंत.

नवी_सून_जुनं_घर

मी चांदीचं विचारू का इथेच, गौरीचे दागिने आणि निरांजन काळं पडलंय. ॲल्युमिनियम फॉइलवाला उपाय खरा आहे का?

केमिस्ट्री_सर (फोंडा)

खरा आहे. पातेल्यात फॉइल चकाकणारी बाजू वर करून अंथरा (खालीवर झाली तरी बिघडत नाही), चांदी फॉइलला टेकलीच पाहिजे, वर उकळतं पाणी आणि लिटरला दोन मोठे चमचे खायचा सोडा. चांदीवरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, त्यातलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी चांदीतच राहते, घासून झिजत नाही. कुजलेल्या अंड्यासारखा थोडा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. पण खडे बसवलेले, मोती असलेले, लाखेचे दागिने त्यात घालू नका आणि ज्या दागिन्यांच्या नक्षीत मुद्दाम काळं ठेवलेलं असतं तेही नको, सगळं पांढरं होऊन नक्षीचा उठाव जाईल. त्यांना रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश.

नवी_सून_जुनं_घर

मोत्यांची नथ आहे, बरं झालं विचारलं. रिठेच आणते.

पावसाळी_घर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज कपाट पुढे ओढलं तर मागची फळी पूर्ण पांढरी होती, म्हापशेकार दादा तुम्ही म्हणालात तसंच. सासूबाईंना शेजाऱ्यांकडे पाठवून पुसून घेतलं, आता पंखा लावलाय, मीठ उद्या आणणार. जाळीला चुंबक चिकटलं नाही आणि वाकते पण, म्हणजे लिक्विड आणि कढत पाणीच. आता एकच राहिलं, सासूबाई विचारतायत पितळेचं मोठं टोप आहे, चवथीला खतखतं (मिश्र भाज्यांचं) त्यातच करतात, त्याला आतून पण चिंच लावायची का?

चुलीवरची_काकी (सत्तरी)

आतून नको ग बाये! आत कल्हई असते, ती कथलाची, पातळ. चिंच-मीठ लावून किंवा राखेने घासलीस तर कल्हई जाते आणि पितळ उघडं पडतं, मग त्यात आंबट शिजवलं की कळकतं, खायच्या उपयोगाचं राहत नाही. आतून साबणाचं पाणी आणि मऊ कापड, चिंच फक्त बाहेरून, तीही टोप पालथं घालून लाव म्हणजे काठावरून आत ओघळणार नाही. आत उजेडात धरून बघ, कुठे पिवळं दिसत असेल तर खतखतं त्यात करू नकोस, आधी कल्हई करून घे. कल्हईवाल्यांकडे चवथीच्या तोंडावर रांग लागते, तेव्हा या आठवड्यातच टोप नेऊन दे.